कोपरकर नर्सबाईंची मांडी आणि कॅलिफोर्नियाचा कायदा

संगमनेरच्या कोपरकर नर्सबाई, म्हणजे आपल्या सुमित्राबाई, पहिल्यांदा अमेरिकेला निघाल्या त्या एकोणीसशे त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत. दोन बॅगांमध्ये त्यांचं स्वतःचं म्हणावं असं सामान होतं पाच पातळं आणि एक स्वेटर. बाकी सगळा डिंक, खारीक, आळीव, मेथी, बाळंतशेप आणि वेखंड. कस्टमच्या माणसाने बाळंतशेपेच्या पुडीला नाक लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा बाईंनी हाताने पोट दाखवून, बाळ जोजवून आणि शेवटी एक ढेकर देऊन त्याला सगळं समजावलं. तो बिचारा हसत हसत बाजूला झाला. नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात एकतीस वर्षं काढलेली बाई, ती काय कस्टमला भिणार!

आता ह्या बाईंच्या मांडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. संगमनेरात असा समज होता की कोपरकर नर्सबाईंच्या मांडीवरून घरी गेलेलं मूल गुटगुटीत निघतं. कुणी पसरवलं देव जाणे, पण पसरलं खरं. बाळंतीण घरी निघाली की सासू पदर पसरायची, "नर्सबाई, तेवढं घरापर्यंत या की!" आणि ड्यूटी संपवून बाई जायच्या. टांग्यात बसून गेल्या, बैलगाडीत गेल्या, एकदा तर उसाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून पार अकोल्याच्या रस्त्याला गेल्या. अशी बासष्ट मुलं त्यांनी घरी पोचवली. बासष्टच्या बासष्ट नावं त्यांना पाठ होती, आणि ऐकणाऱ्याने जांभई दिली तरी त्या मधूनच थांबत नसत.

त्रेसष्टावं मूल त्यांच्या पोटच्या लेकीचं. त्यासाठी तर त्या सात समुद्र ओलांडून आल्या होत्या. उत्तरा सनीव्हेलमध्ये प्रोग्रामर होती, आणि जावई गिरीश, मूळचा नागपूरचा, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर. "बाकी मला अमेरिकेत काही बघायचं नाही," बाईंनी विमानतळावरच सांगून टाकलं होतं. "तो तुमचा लाल पूलही नको. माझं नातवंड माझ्या मांडीवर घरी आलं की मी कृतार्थ झाले."

गिरीशने हे ऐकलं आणि हळूच खिसा चाचपला. कारण त्याच्या खिशात पेपरातलं एक कात्रण होतं. कॅलिफोर्नियात एक जानेवारीपासून नवा कायदा लागू झाला होता. चार वर्षांखालच्या मुलाला गाडीत न्यायचं तर त्याच्यासाठी वेगळी सीट हवी, ती पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी आणि मूल त्या सीटमध्ये बांधलेलं हवं. मांडीवर घेणं बंद. गिरीश हा कायदा तोंडपाठ म्हणून दाखवू शकत होता, पण सासूबाईंसमोर नव्हे. शेवटी आठ दिवसांनी, डिंकाचा लाडू तोंडात असताना, म्हणजे बोललेलं अर्धवटच कळावं अशा बेताने, तो म्हणाला, "आई, ह्या शनिवारी ती बाळाची कार सीट घेऊन येतो."

"अजिबात नाही!" बाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "बाळ हातात येईपर्यंत बाळाचं काही म्हणता काही घरात येता कामा नये. टोपडंसुद्धा नाही. पहिलं झबलंही दुसऱ्याच्या लेकराचं, उसनं आणायचं. एवढं शिकलात आणि एवढं ठाऊक नाही?"

"पण आई, हा कायदा आहे."

"कायदा बाळाला आहे ना? मग आधी बाळ होऊ द्या. नसलेल्या बाळाला कसला आलाय कायदा!"

वकील लावला असता तरी त्याला ह्यातून वाट सापडली नसती. हसू नका. तुमच्याआमच्या घरी हेच होतं. पाळणा आधी आणायचा नाही, नाव आधी ठरवायचं नाही, कुणाची नजर कुठून लागेल सांगता येत नाही. एकीकडे संगणक शिकवायचा आणि दुसरीकडे उंबऱ्यावर मिरच्या उतरवायच्या, ह्यात आपल्याला काही अवघड वाटत नाही. उत्तरालाही वाटलं नाही. ती म्हणाली, "जाऊ दे रे गिरीश, बेबी झाली की लगेच घेऊ." आणि विषय संपला.

मार्चमध्ये एका गुरुवारी मुलगी झाली. काळं कुळकुळीत जावळ आणि आवाज असा की बाई म्हणाल्या, "ही नक्की आमच्या घराण्यातली." गिरीश नुसता हवेत होता. दोन दिवस त्याने भारतात फोन लावले, ऑफिसात पेढे वाटले, ते पेढे कशाचे हे चौदा जणांना समजावून सांगितलं, आणि सीटचा विषय त्याच्या डोक्यातून साफ निघून गेला. बाईंच्याही गेला. खरं सांगायचं तर बाईंच्या डोक्यात तो कधी शिरलाच नव्हता.

शनिवारी सकाळी डिस्चार्ज. घरी शेजारच्या वसुधाताई भाकरतुकडा आणि ओवाळायचं तबक घेऊन दारात तयार. इकडे हॉस्पिटलात बाईंनी ठेवणीतलं हिरवं पातळ नेसून, पदर खोचून, बाळ दुपट्यात असं गुंडाळलं की बघत राहावं. उत्तराला तिथल्या रिवाजाप्रमाणे चाकाच्या खुर्चीत बसवलं. आणि वॉर्डाच्या दारात एक फिलिपिनो नर्स आडवी आली. पन्नाशीची, बुटकी, डोळ्यांवर साखळीचा चष्मा.

"कार सीट कुठे आहे?" तिने विचारलं.

गिरीशचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बाई मात्र शांतपणे पुढे झाल्या आणि दोन बोटांनी आपली मांडी दाखवली. "हिअर," त्या म्हणाल्या.

नर्स हसली नाही. ती म्हणाली की नवीन कायदा आहे, इथल्या वॉर्डाचाही नियम आहे, सीट पाहिल्याशिवाय मी बाळ गाडीत जाऊ देणार नाही. बाईंनी स्वेटर सावरला. "मॅडम, आय ॲम रिटायर्ड स्टाफ नर्स. थर्टी-वन इयर्स. सिक्स्टी-टू बेबीज, ऑन धिस लॅप."

"मी सव्वीस वर्षं," नर्स म्हणाली. "आणि सीट कुठे आहे?"

शेरास सव्वाशेर म्हणतात ते हेच. गिरीशने धावत जाऊन फोन गाठला. त्याचा मित्र शैलेंद्र माउंटन व्ह्यूमध्ये राहत होता, त्याचा मुलगा आता दीड वर्षाचा, त्याची तान्हेपणची सीट गॅरेजमध्ये पडून होती. "आणतो यार, वीस मिनिटांत," शैलेंद्र म्हणाला. म्हणजे सीटही उसनीच मिळाली, तेव्हा बाईंना तक्रारीला जागा उरली नाही. पण जागा नाही म्हणून तक्रार थांबते थोडीच!

"घर किती लांब आहे?" त्यांनी उत्तराला विचारलं.

"अडीच मैल. का गं?"

"मग मी चालत नेते. पायी जाणाऱ्याला तर सीट लागत नाही ना? विचार तिला."

"आई, प्लीज!" उत्तरा करवादली. तीन दिवसांची बाळंतीण, अंग ठणकतंय, त्यात ही गंमत. "तूच नको म्हणालीस ना सीट आणायला? तुझ्यामुळे आपण इथे अडकलोय. आणि आता एल कॅमिनोच्या हमरस्त्यावरून चालत?"

लेकीचं हे बोलणं बाईंना लागलं. त्यांनी बाळ उत्तराच्या हातात दिलं आणि पदर पुन्हा खोचला. ती फिलिपिनो नर्स मात्र त्यांच्याकडे निरखून बघत होती. तिला काय वाटलं कोण जाणे. तिने एक रिकामी चाकाची खुर्ची ओढली, उशीच्या अभ्र्यात सलाइनच्या दोन भरलेल्या बाटल्या घातल्या, त्याचं गाठोडं केलं आणि बाईंना खूण केली, बसा. दोघी एकाच धंद्यातल्या. बाई बसल्या. गाठोडं त्यांच्या मांडीवर आलं. वजन साधारण तेवढंच, जेवढं त्या नातीचं.

"हे तुमचं बाळ," नर्स म्हणाली. "तुम्ही नेहमी धरता तसं धरा."

बाईंनी धरलं. डावा हात खाली, उजव्या हाताने वरून वेढा, बासष्ट वेळा धरलं तसं. नर्सने खुर्ची ढकलली. लांबलचक कॉरिडॉर, चकचकीत फरशी. ती बुटकी बाई चक्क पळत सुटली, आणि शेवटच्या खोलीपाशी तिने खाडकन खुर्ची थांबवली.

बाई पुढे गेल्या. हात पुढे गेले. गाठोडं मांडीवरून घसरून फरशीवर पडलं आणि बाटल्या गडगडत भिंतीला जाऊन लागल्या.

"अगेन," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हातांनी कवटाळून धरलं, दात ओठ खाऊन. तरी ते गुडघ्यापर्यंत गेलंच, आणि तिथून खाली. नर्स एवढंच म्हणाली की मी पळून पळून किती पळणार, गाडी तर ताशी तीस मैलांनी जाते. बाईंनी वाकून गाठोडं उचललं, अभ्रा झटकला, नीट घडी करून तिच्या हातात दिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. उत्तराला वाटलं, आई हरली म्हणून रुसली.

तेवढ्यात शैलेंद्र आला. सीट आली, पण तिच्याबरोबरची माहितीपुस्तिका घर बदलताना हरवली होती. मग पार्किंगमध्ये जे काही झालं ते खरोखर बघण्याजोगं होतं. एक जण चिप बनवणारा, दुसरा कुठल्याशा उपग्रहाच्या भागांवर काम करणारा, आणि दोघांना मिळून एक पट्टा ओवता येईना! सीटचं तोंड आधी पुढे केलं. नर्स लांबून ओरडली, "मागे, मागे! बाळाचं तोंड मागे!" मग तोंड मागे केलं तर पट्टा पुरेना. पट्टा पुरला तर बक्कल लागेना. बक्कल लागलं तर सीट अशी डुलायला लागली की त्यात बाहुलीसुद्धा ठेवायची हिंमत होऊ नये. "यार, हे डिझाइनच चुकलंय," शैलेंद्र घाम पुसत म्हणाला. काम जमलं नाही की इंजिनीअर नेहमी हेच म्हणतो.

"सरका बघू दोघं," मागून आवाज आला.

बाईंनी पदर खोचला, मागच्या सीटवर गुडघा टेकला आणि सगळं अंग त्या सीटवर रेललं. आयुष्यभर मोडक्या हातांना झोळ्या आणि पोटांना पट्टे बांधलेले हात ते. खालच्या खाचेतून पट्टा आत घातला, दुसरीकडून काढला, गुडघ्याने सीट दाबून धरली आणि पट्टा असा ओढला की गाडी हलली. बक्कल वाजलं. त्यांनी सीट धरून गदागदा हलवून पाहिली. सीट जागची हलेना. नर्सने येऊन स्वतः एकदा हलवली आणि मान डोलावली. मग तिने बाळ ठेवलं, खांद्यावरचे पट्टे लावले, आणि दोन बोटं आत घालून किती घट्ट हवं ते बाईंना दाखवलं. बाईंनीही आपली दोन बोटं घालून पाहिली. दोघी निवृत्त आणि अनिवृत्त नर्सा एकमेकींकडे बघून एकदाच्या हसल्या, आणि नर्स रिकामी खुर्ची घेऊन आत गेली.

गाडीत सगळे बसले. मधोमध बाळ, एका बाजूला उत्तरा, दुसऱ्या बाजूला बाई. गिरीशने किल्ली फिरवली, पण गाडी काही काढली नाही. तो आरशातून बघत होता. मघाशी आईला तोडून बोलल्याचं उत्तराच्याही जिवाला लागलं होतं. बाळंतपणासाठी एवढ्या लांब आलेली आई, एकच इच्छा घेऊन आलेली, आणि आपण चार माणसांत तिला...

"आई," ती हळूच म्हणाली, "नर्स गेली आत. तुला मांडीवर घ्यायचीय ना? घे. अडीच मैल तर आहे. गिरीश अगदी हळू चालवेल."

"हो आई," गिरीश लगेच म्हणाला. कात्रण खिशात घेऊन फिरणारा तो माणूस, पण सासूचं तोंड उतरलेलं त्यालाही बघवेना. "वीसच्या वर जात नाही. हवं तर आतल्या गल्ल्यांमधून नेतो. कोण बघतंय?"

हे आपलं असं असतं बघा. मोठ्या माणसाचं मन मोडायचं नाही, कायदा मोडला तरी चालेल. बाईंचे हात बाळाच्या पट्ट्यापर्यंत गेले. बक्कलावर अंगठा टेकला. नात झोपली होती, तोंड किंचित उघडं होतं. बाईंना तिला घ्यायचं होतं. खोटं कशाला बोला, जीव तुटत होता त्यांचा. तीन आठवडे त्यांनी दुसरा विचार केला नव्हता.

अंगठा बक्कलावरून उचलून त्यांनी हात मागे घेतला.

"नको," त्या म्हणाल्या. "माझे हात सुटतात."

"अगं, ते खुर्चीवर पळवलं म्हणून..."

"आज नाही गं. तेव्हा. चोपन्न साली." बाई बाळाकडे बघत बोलत होत्या. "दहा दिवसांची बाळंतीण मी. टांग्यातून घरी निघाले, मूल मांडीवर. तुझे बाबा सायकलवर पुढे गेलेले. स्टँडपाशी एसटीने हॉर्न दिला आणि घोडं बुजलं. चाक गटारात गेलं. किती जोरात असेल? माणूस पळतो तेवढंसुद्धा नाही. पण माझे हात सुटले, उत्तरा. मी घट्ट धरलं होतं, देवाशपथ घट्ट धरलं होतं, तरी सुटले. पोर खाली पडलं. घोड्याच्या गवताचं पोतं होतं म्हणून वाचलं. तरी कपाळाला पायरीचं लोखंड लागलंच."

गिरीशने इंजिन बंद केलं. उत्तराचा हात आपोआप भुवईवर गेला. तिथे अर्ध्या इंचाची एक जुनी खूण होती. लहानपणापासून तिला सांगितलं होतं की जन्माच्या वेळी डॉक्टरांनी चिमटा लावला, त्याची ती खूण.

"ती मी?" ती म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. "टांगेवाल्याला पाच रुपये दिले, कुणाला बोलू नको म्हणून. तेव्हा बाप्यांना वॉर्डात सोडत नसत, म्हणून तुझ्या बाबांनासुद्धा चिमट्याची खूण म्हणून खपवली, खरं शेवटपर्यंत सांगितलं नाही. नर्स ना मी! लोक काय म्हणतील, हिला स्वतःचं पोर धरता आलं नाही. मग दुसऱ्यांची पोरं न्यायला लागले. दर वेळी बसताना मनात म्हणायचे, ह्या वेळी सुटणार नाहीत. लोकांना वाटायचं नर्सबाईंची मांडी लाभते. कसली लाभते! घर येईपर्यंत माझे तळहात घामाने भिजलेले असायचे. बासष्ट वेळा."

बाहेर शैलेंद्र काच ठोठावून "काय झालं?" म्हणून हातवारे करत होता, त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना वाटत होतं, आता ही पोर रागवेल, आणि तो तिचा हक्कच आहे.

उत्तरा रडायला लागली आणि मधेच हसायला लागली. टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली. "आई! एकोणतीस वर्षं मी त्या बिचाऱ्या डॉक्टरांना शिव्या घालतेय! मागच्या दिवाळीला मी संगमनेरला गेले तेव्हा ते रस्त्यात भेटले, तर मी त्यांना ओळखसुद्धा दाखवली नाही!"

"घालायच्याच होत्या तर मला घालायच्या," बाई नाक ओढत म्हणाल्या.

"घालीन ना. घरी गेल्यावर घालीन, सावकाश." तिने बाळावरून हात पलीकडे नेला आणि आईची बोटं धरली. तळवा खरंच ओला होता. तिने तो आपल्या गाऊनला पुसला, लहान मुलाचा पुसतात तसा. गिरीश समोर बघत किल्लीशी खेळत होता, कारण त्याला आपल्या डोळ्यांचा भरवसा नव्हता.

"निघू या?" त्याने विचारलं.

"थांब जरा." उत्तराने आपला पट्टा ओढून लावला. मग ती आईच्या बाजूला बघायला लागली. तिथला पट्टा सीटच्या फटीत तसाच पडला होता.

"आई, तुझाही लाव."

"मला कशाला? कायदा पोरांना आहे ना?" बाई म्हणाल्या. "विचार गिरीशरावांना."

"मोठ्यांना नाही," गिरीश प्रामाणिकपणे म्हणाला.

"नसू दे," उत्तरा म्हणाली. तिने दुखणारं अंग तसंच वाकवलं, फटीतून पट्टा बाहेर काढला, हिरव्या पातळावरून आईच्या कमरेभोवती ओढला आणि बक्कल लावलं. मग दोन बोटं आत घालून घट्ट बसलाय का ते पाहिलं. "एकदा मी सुटले तेवढं पुरे. आता तू सुटायचं नाहीस."